कारणाचा रकाना

नलवडे गुरुजी मुलांची बोटं हुंगायचे. सकाळची प्रार्थना संपली की मुलं दोन्ही हात पुढे करून रांगेत उभी राहायची आणि गुरुजी एकेकाचा हात नाकाशी नेत पुढे सरकायचे. बाकीच्या शाळांत नखं बघतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शहरातल्या टिळकवाडीहून दोन बस बदलून, कडक इस्तरीची साडी सांभाळत या निपाणीजवळच्या खेड्यात पोचले होते. शाळेचे मुख्याध्यापक पोरांचे हात हुंगताहेत हे बघून मनात म्हटलं, झालं, आपल्या नशिबी हे आहे.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"तंबाखू," ते म्हणाले. "हितं निम्म्या घरांत बिड्या वळत्यात. आई बिडी वळती आन् पोरं बिड्यांची तोंडं दाबून बंद करत्यात. ज्येच्या बोटांस्नी वास, ते पोरगं पहाटंपासनं तंबाखूच्या सुपाम्होरं बसून आलंय. त्येला वाचाय उठवायचं न्हाय. फळ्यावरचं उतरून काढाय द्यायचं. तेवढाच इसावा."

मला ते इतकं आवडलं की घरी आईला फोन करून सांगितलं. डी.एड.ला बालमानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक मी पाठ केलं होतं. त्यात मुलाचा हात हुंगा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून मीही माझ्या वर्गात तेच सुरू केलं. ज्या हातांना वास येई त्यांना वही काढायला लावायची, बाकीच्यांना वाचायला. दीड वर्ष आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी येईपर्यंत पहिली ते पाचवी हे पाचही वर्ग गुरुजी एकटे सांभाळत होते. मूळचे येळ्ळूरचे, घरची शेती भावांकडे, बायको वारलेली. गावात एक खोली भाड्याने घेऊन राहात आणि शनिवारी दुपारी येळ्ळूरला जात. अंगात पांढरा शर्ट, खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे खिसा कायम निळा-गुलाबी. कागद वाया घालवणं त्यांना पाप वाटे. पाठकोरा कागद दिसला की घडी घालून ठेवत. मला ते 'टिळकवाडीच्या बाई' म्हणत आणि माझ्या अक्षराला हसत. "बाई, तुमचं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकरल्यागत. बंगल्यातल्या माणसांस्नी वळण कोण लावत न्हाय वाटतं." अक्षरावर त्यांचा फार जीव. अक्षर सुधारलं की अर्धा माणूस सुधारला, असं ते पोरांना रोज सांगत. आमच्या मुलांच्या वह्या तालुक्याला प्रदर्शनात मांडायला नेत, आणि त्या दिवशी गुरुजी नवा शर्ट घालत.

वर्षातून दोनदा आम्हाला एक तक्ता भरावा लागे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचं नाव, इयत्ता, कुठल्या विषयात मागे, आणि शेवटचा रकाना 'कारण'. आमची शाळा मराठी, पण राज्य कानडी, म्हणून तक्ता कानडीत असे; पण कानडीतही कारणाला कारणच म्हणतात, त्यामुळे समजलं नाही म्हणून सुटका नव्हती. आसपासच्या सगळ्या शाळा त्या रकान्यात पहिल्या ओळीला 'पालकांचे दुर्लक्ष' असं लिहीत आणि खाली शेवटपर्यंत वरीलप्रमाणेच्या खुणा करत. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. गुरुजींनी माझा कागद परत माझ्यासमोर ठेवला.

"ह्या अकरा पोरांच्या घरला गेलताय काय तुमी?"

"नाही."

"मग तुमास्नी कसं ठावं, लक्ष न्हाय ते?"

ते स्वतः प्रत्येक घरी जाऊन यायचे आणि रकान्यात मावेना म्हणून समासात लिहायचे. त्यांच्या तक्त्यातल्या ओळी मला अजून आठवतात. 'याला फळा दिसत नाही. पुढे बसवले आहे. चष्मा अजून नाही.' 'हिचा धाकटा भाऊ दिवसभर हिच्या कडेवर.' 'पहिली कानडी शाळेत, दुसरी इंग्रजीत, तिसरी आमच्याकडे. तिन्ही ठिकाणी पहिल्याच पानावर.' 'शिक्षक दोन महिने सर्वेक्षणाच्या कामावर होते.' आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे सी.आर.पी. साहेब तसे सज्जन गृहस्थ. ते हात जोडून म्हणत, "गुरुजी, कथा लिहू नका हो. कारण लिहा."

त्यावर गुरुजींचं ठरलेलं उत्तर असे. "साहेब, आमच्या येळ्ळुरात पेरल्यालं उगवलं न्हाय तर आदी कुरी तपासत्यात. बी बराबर पडत हुतं का न्हवतं, ते बगत्यात. बियाण्याला नाव मागनं ठेवत्यात." कुरी म्हणजे पेरणीचं औजार, हे साहेबांना माहीत होतं. ते हसायचे आणि तक्ता घेऊन जायचे.

वैष्णवी मी आले तेव्हा तिसरीत होती. बारीक चणीची, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, कधी कुणाशी भांडण नाही. तिच्या बोटांना रोज वास यायचा. तिची आई शोभाक्का गावात सगळ्यांत भरभर बिड्या वळणारी बाई, वडील कोल्हापूरला कारखान्यात, पंधरा दिवसांनी येणारे. धाकटा भाऊ पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जाई आणि वैष्णवी चालत आमच्याकडे येई. आणि तिचं अक्षर! मोत्याचे दाणे म्हणतात ना, तेच. गुरुजींनी तिला फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम दिलं होतं. ते पाठकोऱ्या चिठ्ठीवर वाक्य लिहून देत आणि ती स्टुलावर चढून, जीभ दातांत धरून, ते फळ्यावर उतरवी. साहेब आले की गुरुजी आधी तिची वही पुढे करत. परीक्षेत ती शेजारणीचं बघून लिहायची, पण इतकं सुबक की शेजारणीनेच हिचं बघून लिहिलं असणार असं वाटायचं. निदान मला वाटलं.

ती चौथीत असताना, दसऱ्याच्या सुट्टीच्या आधी, गुरुजी एक दिवस प्रशिक्षणासाठी चिकोडीला गेले. सुविचाराची चिठ्ठी आदल्या दिवशीच माझ्याकडे देऊन ठेवली होती. मी ती वैष्णवीच्या हातात दिली आणि हजेरी घ्यायला बसले. थोड्या वेळाने वर्गात खसखस सुरू झाली, मग मुलं पोट धरून हसायला लागली. मी फळ्याकडे बघितलं. 'आजचा सुविचार' या शब्दांखाली, दोन ओळींत, काना-मात्रा न चुकता लिहिलं होतं: चहापूड पावशेर, अंगाचा साबण एक, उदबत्ती, खोबरेल तेल लहान बाटली.

चिठ्ठीच्या एका बाजूला सुविचार होता आणि दुसऱ्या बाजूला गुरुजींची बाजाराची यादी. मीही हसले. खरं सांगते, सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसले. वैष्णवी स्टुलावर उभी राहून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिलाही थोडं हसू आलं, पण कशाला हसायचं ते तिला कळलेलं नव्हतं. ते बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवून फळ्यावरचं वाच म्हटलं. ती गप्प. पहिलीचं पुस्तक काढलं. तिने घडाघडा कविता म्हटली, चालीसकट. मी चित्रावर हात ठेवला आणि दुसरं पान उघडलं. तिने विचारलं, "चित्र बगू, बाई?" हात काढला नाही तेव्हा ती रडायला लागली. तिला 'क' ठाऊक नव्हता. चार वर्षं ती अक्षरं लिहीत नव्हती, त्यांची चित्रं काढत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "पोरगी भ्याली असंल तुमास्नी." मग त्यांनी स्वतः तिला बोलावलं, माझ्यापेक्षा कितीतरी मायेने, आणि एकेक अक्षर पुढे ठेवत गेले. अर्ध्या तासाने तिला खेळायला पाठवलं. खुर्चीवर बसून स्वतःच्याच हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, हिला मी कवाच वाचाय उठवलं न्हाय. एकदाबी न्हाय. रोज वास याचा, रोज म्हणलं, दमलीया, ऱ्हाऊं दे आज."

मी म्हटलं, "गुरुजी, तिसरीत माझ्याकडेही होती ती."

"तुमी माजं बगून केलासा," ते म्हणाले. त्या वेळी मला त्या वाक्याने सुटल्यासारखं वाटलं. याची लाज पुढे वाटली.

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन शोभाक्काच्या घरी गेले. ती सोप्यात मांडीवर सूप घेऊन बसली होती. आम्हाला बघून उठायला लागली तर गुरुजींनी हाताने बसवलं. त्यांनी काही लपवलं नाही. तुमच्या मुलीला वाचता येत नाही, चूक माझी आहे, असं सरळ सांगितलं. शोभाक्काला आधी ते समजेचना. तिने आत जाऊन ट्रंकेतून वैष्णवीच्या सगळ्या वह्या आणल्या. पहिलीपासूनच्या, सुतळीने बांधलेल्या.

"असं कसं म्हंतासा, गुरुजी? ह्या बगा की. आल्या-गेल्याला दावती मी. माज्या जावंनं तर हात लावून बगितलं, छापल्यालं हाय का म्हणून."

गुरुजी खाली बघत म्हणाले, "वही झ्याक हाय, आक्का. वाचाय येत न्हाय."

ती बराच वेळ त्या वह्यांवरून हात फिरवत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला वाचाय येत न्हाय, म्हणून मला कळलं न्हाय. तुमास्नी येतंय न्हवं, गुरुजी?"

गुरुजींनी वह्यांना पुन्हा सुतळी बांधली आणि ते उठले. 

तिथून पुढे त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि वैष्णवीची आमच्याकडची पाचवीही तेव्हाच संपणार होती. त्या दीड वर्षात तिला वाचता आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. प्रार्थनेनंतर बोटं हुंगणं त्यांनी बंद केलं. सकाळी सात वाजता ते तिच्या घरी जात, सुपाजवळ पाट घेऊन बसत, आणि ती बिड्यांची तोंडं दाबत असताना तिच्यापुढे अक्षरांचे पुठ्ठे धरत. शाळेत तिला पहिलीच्या मुलांबरोबर माझ्याकडे बसवू लागले. मला वाटतं, तिथे आमचं पुन्हा चुकलं. दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलांत बसली, आणि ज्या मुलांना ती कालपर्यंत अक्षर वळवून देत होती तीच तिला 'चहापूड' म्हणून हाक मारायला लागली. मी दोघांना फटके दिले. हाक मारायचं थांबलं, पण ती मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर यायची थांबली.

अक्षरं येत होती, नाही असं नाही. दिवाळीनंतर 'आई' आलं, 'घर' आलं, स्वतःचं नाव आलं. एकदा बसथांब्यावरच्या पाटीवरचा 'निपाणी' हा शब्द तिने जोडून जोडून वाचला तेव्हा गुरुजींनी मला भर उन्हात तिथे नेऊन तिच्याकडून तो पुन्हा वाचून घेतला. मग निवडणुकीच्या कामासाठी त्यांना बोलावणं आलं, पाठोपाठ सर्वेक्षण आलं. मला एकटीला पाच वर्ग. तिच्यासाठी वेगळी पंधरा मिनिटं काढीन म्हटलं होतं, रोज म्हटलं होतं. गुरुजी परत आले तेव्हा 'घर' गेलं होतं, 'आई' तेवढं उरलं होतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पाचवीत ती आठवड्यातून तीन दिवस यायला लागली, मग दोन. पाट घेऊन गुरुजी घरी गेले की ती मागच्या दाराने निघून जायची. शोभाक्का ओशाळून म्हणायची, "तुमाला बगून भ्या वाटतंय तिला, गुरुजी. लाज वाटती. मारायचं काय तिला?"

"मारू नगा," गुरुजी म्हणत आणि पुठ्ठे पिशवीत घालत.

फेब्रुवारीत शोभाक्का दाखला मागायला आली. वैष्णवीला चिकोडीकडच्या मामाच्या गावाला पाठवायचं ठरलं होतं. मामीला बाळ झालं होतं, सांभाळायला कुणीतरी हवं होतं. "तकडं कानडी साळा हाय. तितं नव्यानं सुरू हुईल तिचं. कानडी तर कुणालाच पयल्यांदा येत न्हाय, मग लाज कशाची?" शोभाक्काने हे मोठ्या आशेने सांगितलं. तिने पुष्कळ विचार केला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. गुरुजींनी समजावलं. नव्याने सुरू होणार नाही, वयाप्रमाणे सहावीत बसवतील, तिथे सगळ्यांना कानडी वाचता येतं, हिला तेही येणार नाही. वर्षभर ठेवा, मी निवृत्त झालो तरी गावातच राहतो, असंही म्हणाले. शोभाक्का ऐकून घेत होती. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "पाच वर्सं ठेवलीच हुती की तुमच्याकडं."

गुरुजींनी दाखला लिहिला. वैष्णवी दारात उभी होती. जाताना तिने त्यांना नमस्कार केला, आणि गुरुजींनी सवयीने तिचा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि सोडून दिला.

मार्चमध्ये तक्ता आला. आता तो कागदावर नव्हता, संगणकावर भरायचा होता, पण गुरुजींनी नेहमीप्रमाणे आधी कागदावर लिहून माझ्याकडे दिला. दाखला गेला असला तरी वैष्णवीची ओळ वर्षभराच्या यादीत होतीच. तिच्या नावासमोर, कारणाच्या रकान्यात, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मी. द. य. नलवडे, मुख्याध्यापक.'

मी भरायला बसले तर तिथे लिहायला जागाच नव्हती. कारणांची तयार यादी होती आणि त्यातलं एक निवडायचं होतं. गैरहजेरी, स्थलांतर, आजारपण, अपंगत्व, पालकांचे दुर्लक्ष. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, यात शिक्षक हे कारण नाहीच. मशीन घेणार नाही. गुरुजींना समजावा, दोन महिन्यांत रिटायर होणार, कशाला स्वतःविरुद्ध लिहून ठेवतात?" गुरुजींनी फोन घेतला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, कुरी तपासली. बी पडतच न्हवतं. दुसरं काय लिवू?" त्या दिवशी साहेब हसले नाहीत. ती ओळ तशीच रिकामी राहिली आणि पडद्यावर लाल दिसत राहिली.

मे अखेर गुरुजी निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी कुणाला भाषण करू दिलं नाही. शाल घेतली, पण फळ्यावर कुणीतरी काढलेलं त्यांचं नाव स्वतः पुसलं. सामान एका टेम्पोत मावलं आणि ते येळ्ळूरला गेले. शाळेचा कारभार माझ्याकडे आला, आणि कारभाराबरोबर ती लाल ओळ. एक ओळ अपुरी म्हणून अख्ख्या शाळेचा तक्ता अडला होता, वरून दिवसाला दोन फोन येत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ती भरली. एक बोट लावायचं असतं, बस्स. यादीत सगळ्यांत सोयीचं होतं ते निवडलं. ओळ हिरवी झाली.

गणपतीत मी येळ्ळूरला त्यांना भेटायला गेले. ते फार वाळले होते. भावाच्या सोप्यात खाटेवर बसून असत, आणि घरातली नातवंडं दप्तर घेऊन आली की प्रत्येकाला पुस्तक उघडून मधलंच कुठलंतरी पान वाचायला लावत. पोरं त्यांना टाळायला लागली होती, असं त्यांची भावजय हसत हसत म्हणाली. चिकोडीकडे जाऊन आलात का, असं मी विचारलं. जाऊन आले होते. वैष्णवी शाळेत नव्हती, मामाच्या अंगणात बाळ घेऊन उभी होती. "मोठी झालीया," एवढंच ते म्हणाले.

निघताना त्यांनी विचारलं, "बाई, ती वळ भरलीसा काय?"

"भरली," मी म्हटलं.

"काय लिवलासा?"

"तुम्ही लिहिलं होतं तेच."

त्यांनी मान हलवली. चेहरा जरा सैल झाला. "बरं केलासा. कुटं तरी खरं असू दे." मग माझ्या हातात दोन काकड्या दिल्या, परड्यातल्या, आणि मला फाटकापर्यंत पोचवायला आले. थंडीत ते गेले. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माझी बदली झालेली नाही. आताही वर्षातून दोनदा तक्ता येतो आणि मी यादीतून कारण निवडते, भराभर. कधीकधी काम झाल्यावर जुना तक्ता उघडून बघते. वैष्णवीच्या नावासमोर पालक म्हणून तिच्या आईचं नाव आहे, आणि त्यापुढे 'पालकांचे दुर्लक्ष'. शोभाक्का रोज शाळेवरून जाते, वळलेल्या बिड्या ठेकेदाराकडे द्यायला. मला बघून थांबते, पोरगी बरी आहे म्हणून सांगते, गुरुजींची आठवण काढते. तो तक्ता मी तिच्यापुढे धरला तरी तिला तो वाचता येणार नाही, आणि वाचून दाखवायला घरात मुलगी होती, तिलाही येत नाही.